ताईच्या बाजूचा उतार

नवी प्रेस बसवली की पहिला आठवडा ती माझं डोकं खाते, हे मी धरूनच चालतो. मी फरश्यांच्या कारखान्यात सेटर आहे. प्रेस उभी करायची, साचा चढवायचा, मातीची भुकटी किती पडते आणि दाब कसा बसतो ते जुळवायचं. फरशी चारही कोपऱ्यांना सारख्या जाडीची निघाली की मग जेवायला बसायचं. या कामात मला कुणी शिकवायला आलेलं खपत नाही. साहेबसुद्धा जरा लांब उभे राहूनच विचारतात.

या वेळी फरशी एका अंगाला जाड निघत होती. मी माझी गोल पाणसळ प्रेसच्या बैठकीवर ठेवली. आतला बुडबुडा मधल्या खुणेपासून केसभर सरकला होता. एका पायाखाली पातळ पत्र्याचं पॅकिंग सारलं, हातोडीने हळूच ठोकलं, थांबून पाहिलं, पुन्हा ठोकलं. बुडबुडा मधोमध येऊन बसला. जेवून परत आलो, तर मघाचंच रडगाणं.

"पाया खचत असेल," साहेब म्हणाले.

पाया कातळावर होता. खचला असता तर कुठेतरी तडा दिसला असता. मी बॅटरी घेऊन प्रेसखाली पोटावर सरपटलो, सगळं हाताने चाचपलं आणि कपडे मळवून बाहेर आलो. तडा नव्हता.

उतार सतत एकाच दिशेला होता. शेडच्या त्या टोकाला निवडीचं टेबल होतं आणि तिथे माझी ताई बसायची. भट्टीतून आलेली फरशी ती बोटाने वाजवायची, एक डोळा मिटून तिची कड बघायची आणि चांगली-वाईट वेगळी काढायची. आईबाबा गेले तेव्हा मी नीट चालतही नव्हतो. तिनेच मला वाढवलं आणि पुढे या कारखान्यात चिकटवलंही तिनेच. कारखान्यामागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहतो.

प्रेस ऐकत नाही म्हटल्यावर तिला गंमतच वाटली. "जगाच्या मशीनी सरळ करतोस," ती म्हणाली, "स्वतःच्या चपला कधी सरळ ठेवल्यास?"

पुढे साहेबांनी निवडीचं टेबल भट्टीच्या पलीकडे हलवलं, आणि उताराने दिशा बदलली. मी स्वतःशीच हसलो. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नव्हे. मग ताई पाणी प्यायला उठली. बुडबुडा नेहमी उंच बाजूला जातो. ती नळाकडे चालत गेली तसा तो तिच्या बरोबर उलट बाजूला वळत गेला, आणि ती जागेवर येऊन बसली तसा मागे आला.

मी पाणसळ खिशात टाकली.

घरी आल्यावर टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला. पाण्याची पातळी ताईच्या बाजूला चढली होती. तिच्यासमोर ठेवलेली पेन्सिल तिच्याकडे गडगडत गेली. ती उठून दुसऱ्या बाजूला बसली, तर पेन्सिल तिकडे.

"म्हणजे माझं वजन वाढलं म्हणायचं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी तिला गोदामातल्या काट्यावर उभं केलं. वजन होतं तेवढंच होतं. या खेपेला मात्र ती हसली नाही.

"खड्ड्यात झोपल्यासारखं वाटतं रे," ती हळूच म्हणाली. "सारखं कुणीतरी पाय ओढतंय असं."

मी तिला मावशीकडे घेऊन गेलो. बसमध्ये सगळ्यांच्या पिशव्या आमच्या सीटकडे घसरत आल्या. मावशीच्या घरातली दारं ताई असेल त्या खोलीच्या दिशेने आपोआप उघडायला लागली. आम्ही परत निघालो तेव्हा मावशीने थांबा म्हटलं नाही.

मला एकच काम येतं. मी ताईच्या पलंगाच्या पायांखाली पॅकिंग लावलं. सकाळी ते जागेवर नव्हतं. चेपलं नव्हतं, बाजूला पडलं नव्हतं; नव्हतंच. मी जाड पत्रे लावले. तेही गेले.

"खालून काढून घेतात," ताई म्हणाली. "मला ऐकू येतं."

मी फरशीला कान लावला.

टक. मग शांतता. टक, टक. पुन्हा शांतता.

ती मधली शांतता मी ओळखत होतो. ठोकलं की सेटर थांबतो. तेवढ्यात तो बुडबुडा बघत असतो.

या खोल्यांच्या खाली कातळ आहे.

मी वरून लावायचो, तो खालचा सेटर ते काढून घ्यायचा. माझ्या हिशेबाने ताईकडे उतार होता. त्याच्या हिशेबाने तो तिला स्वतःच्या पातळीला जुळवत होता, तेही घाई न करता, अगदी माझ्यासारखं. साहेबांना काय सांगणार होतो? कुणाला सांगणार होतो? एका दुपारी मी पलंगाच्या पायाशी बसून ढसाढसा रडलो. ताईने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"उगी," ती म्हणाली. "तू काय कमी केलंस का?"

त्या रविवारी ठोकणं थांबलं.

मी वाट पाहिली. पुन्हा टक झालं नाही. काम जमलं की सेटर हातोडी खाली ठेवतो, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

ताई पलंगावर उठून बसली. चेहरा टवटवीत होता.

"गेलं बघ," ती म्हणाली. "एकदम सपाट वाटतंय."

ती उठून भिंतीशी उभी राहिली.

तिच्या टाचा भिंतीला टेकल्या होत्या आणि डोकं भिंतीपासून हातभर पुढे आलं होतं. तिने कशालाही धरलं नव्हतं. ती पडत नव्हती. तिची वेणी जमिनीकडे लोंबत नव्हती. ती तिच्या पाठीलगत, तिरकी, सुतासारखी सरळ होती.

"ताई," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचं हसू मावळलं.

"अरे, तू असा वाकडा का उभा आहेस?"

ती माझ्याकडे आली, त्याच कलात, पाय ठामपणे टाकत. माझे दोन्ही खांदे तिने धरले आणि हळूहळू मला आपल्या बाजूला कलवू लागली.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "मी धरलंय तुला."