बाईसाहेबांचा पान्हा

संध्याकाळच्या धारेला ती गोठ्यात शिरली तेव्हा दिवस पुरता मावळलाही नव्हता. बाकीच्या तिन्ही गाईंचं दूध काढून भाऊ मोकळा झाला होता. राहिली होती थोरली, जिला बाबा कौतुकानं 'बाईसाहेब' म्हणायचे. बाबा गेले त्याला चार दिवस झाले होते, आणि चार दिवस बाईसाहेबांनी पान्हा चोरला होता. कास तटतटलेली, पण सडाला नुसते थेंब.

"आजची धार बघतो," भाऊ म्हणाला. "नाहीतर सकाळी टेम्पो येतोय तिला न्यायला."

"दादा, ती काय मशीन आहे? बिघडली की भंगारात?"

"तुझ्या भाषणांनी पान्हा फुटत असता ना, तर तुझ्या कॉलेजातच डेअरी काढली असती!"

एरवी ती ऐकून घेणारी नव्हती. पण आज तिच्याकडे भाषणाहून चांगला उपाय होता. बाबा आजारी पडले की आई त्यांचा अंगातला सदरा घालून धारेला बसायची. त्या वासाला गाय भुलायची. तिनं आईकडे सदरा मागितला. आईनं कडक घडी तिच्या हातात ठेवली आणि आईचाच चेहरा उतरला.

"सगळे धुऊन ठेवले गं मी... कालच."

तिनं तरीही तो चढवला. बाईसाहेबांनी बाही हुंगली, साबणाचा वास येताच फुरफुरून मान फिरवली.

तिनं कासेला कोमट पाणी लावलं, सड चोळले. काही नाही. लहानपणी इथेच बाबांच्या पाठीला टेकून ती धारांचा आवाज ऐकत पेंगायची. आधी रिकाम्या बादलीत टण् टण्, मग फेसात घुमणारा, जाड, झोप आणणारा. ते आठवलं आणि तिचा बांध फुटला. गाईच्या कुशीला कपाळ टेकवून ती पुटपुटली, "बाबा, हिला नेतील हो..."

गोठ्यातल्या माश्यांची घोंघों एकाएकी थांबली.

मग वास आला. ओली पेंड, घाम, बिडी. आधी पुसट... मग अगदी खांद्याशी. मुठीतले सड ऊन झाले.

टण्. टण्.

बादली भरेपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.

भाऊ आत आला. बादलीची कडी दोघांनी मिळून धरली. "जमलं की गं तुला," तो म्हणाला, आणि तसाच थबकला.

बाईसाहेब मान लांब करून, डोळे अर्धे मिटून उभ्या होत्या. त्यांच्या गळ्याखालच्या लोंबत्या कातडीत, कुणी बोटांनी खाजवावं तसे, चार खळगे पडत होते. सावकाश सरकत होते. पुन्हा पडत होते.

"दादा..."

"टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवतो," भाऊ हलक्या आवाजात म्हणाला. तिच्याकडे बघून नव्हे.

खळगे क्षणभर थांबले. ऐकल्यासारखे. मग पुन्हा सरकू लागले.