परत आलेली जुनी आवृत्ती

"नवी आवृत्ती गायब झाली," व्यवस्थापक म्हणाले, "आणि तिच्या जागी कुणीतरी जुनी आणून बसवली."

खासगी तपास करणाऱ्या ताईंनी चहा बाजूला ठेवला. त्यांचा धाकटा भाऊ अप्पू खुर्चीत पेंगत होता, तो दचकून जागा झाला. चोर जाताना काही ठेवूनही जातो, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

प्रकरण रुग्णवाहिका केंद्राचं. आलेला फोन जवळच्या गाडीकडे वळवणारं सॉफ्टवेअर एर्लांग या संगणकभाषेत लिहिलेलं, म्हणजे चालू असतानाच बदलता येणारं. जुन्या आवृत्तीत नदीपलीकडचे पत्ते चुकायचे. गेल्या आठवड्यात नवी आली आणि सगळं सुरळीत झालं. काल अचानक जुनी परतली, गाडी भलत्याच काठाला गेली. एक आजोबा छाती धरून दारात ताटकळले. वाचले, पण थोडक्यात.

"त्या प्रोग्रामर बाईंनीच दावा साधला. मी बढती नाकारली ना! आज संध्याकाळी पोलिसांत तक्रार देतो. माझ्या हुकमाशिवाय केंद्रात काहीही कायम होत नाही, कळू दे सगळ्यांना."

दोघं पोचले तेव्हा केंद्रात निळसर उजेड होता. हलक्या आवाजात फोन घेतले जात होते, पंखे घुमत होते. आपण पाण्याखाली चालतोय, असं अप्पूला वाटलं. त्याला ते फार आवडलं.

प्रोग्रामर बाईंचे डोळे सुजले होते.

"चालत्या यंत्रातच नवी आवृत्ती चढवली, एकही फोन तुटला नाही. जुनीही आत असतेच, नडलं तर परत जाता यावं म्हणून. चाचण्या झाल्या, साहेबांना निरोप पाठवला. त्यांच्या परवानगीविना पुढे हात लावायचा नाही, अशी इथली पद्धत."

"काल यंत्रात कुणी शिरलं होतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर बोट माझ्याकडे. ताई, घरात कमावती मी एकटीच आहे हो."

वायरमन मात्र निवांत होता. "काल बॅटरी बदलली. यंत्र बंद केलं, लगेच सुरू केलं. दिवे हिरवे झाले, मी जेवायला गेलो."

"त्याआधी कधी बंद केलं होतं?"

"नवी आवृत्ती आल्यापासून? छे, पहिल्यांदाच."

"ताई, हाच तो!" अप्पू कुजबुजला.

"तू झोप," ताई म्हणाल्या आणि त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"चोर कुणीच नाही. आवृत्ती चढवणं ही एक पायरी, ती कायम ठरवणं ही दुसरी. तोवर नवी आवृत्ती पाहुणी. यंत्र बंद होऊन उठलं, की कायम ठरवलेलीच आवृत्ती उघडतं. काल ते उठलं आणि आपल्या ओळखीच्या जुन्या आवृत्तीकडे गेलं. वायरमनने आपलं काम केलं, बाईंनी आपलं. अडलं कुठे? कायम करण्याचा हुकूम कुणाचा लागतो, ते साहेब स्वतःच सांगून गेलेत."

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. "निरोप आला होता. बढतीसाठीच मागे लागली असेल, म्हणून मी उघडलाच नाही."

बाई रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. "परवानगी देताय, साहेब?"

"दिली."

त्यांनी नवी आवृत्ती पुन्हा चढवून कायम केली, मग टेबलावरचा फोन साहेबांपुढे सरकवला. "आता त्या आजोबांना कारण सांगा. मी सांगितलं तर ती नुसती सबब वाटेल."

साहेबांनी नंबर फिरवला. पलीकडून खुद्द आजोबांनीच उचलला.

"कोण बोलतंय?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते आणि साहेबांना आपलं नाव सांगवत नव्हतं.