पुस्तक मिटून

थोरलीच्या लेकीला जुळं झालं, ते हे वर्ष. त्याच वर्षी थोरलीनं आपल्या पंथाच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक वाचून संपवलं. अकरा महिने लागले. अक्षरओळख पन्नाशीनंतरची, त्यामुळे एकेक ओळ बोटाखालून सरकायची.

ती शिकली त्याला कारण होतं. एकोणतीस वर्षांपूर्वी पंचांनी एक कागद पुढे केला आणि तिनं त्यावर अंगठा उठवला. कशावर उठवला ते घरी आल्यावर कळलं. धाकट्या बहिणीनं पंथाबाहेर लग्न केलं म्हणून तिला वाळीत टाकल्याचा तो ठराव होता. तेव्हापासून धाकटीला प्रार्थनाघर बंद. बहिणी भेटायच्या त्या बाजारात, चोरासारख्या. आता धाकटीचं हृदय थकलं होतं. "अक्का, मरायच्या आधी एकदा आत बसू दे," एवढंच तिचं मागणं.

पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात थोरलीला वाट दिसली. तीनशे वर्षांपूर्वी, साथीच्या दिवसांत, एका विणकराच्या विधवेनं परक्या आजाऱ्यांना घरात घेतलं. पंथानं तिला बाहेर काढलं. ती प्रार्थनाघराचं दार ठोठावत राहिली, कुणी उघडलं नाही. लेखकानं खाली सरळ लिहिलं होतं की हा अन्याय होता.

या प्रकरणावर चर्चा ठेवायची, अन्याय हा शब्द सगळ्यांच्या तोंडून एकदा निघाला की लगेच धाकटीचा विषय काढायचा, असा थोरलीचा बेत. पंच आता चारच उरले होते: निवृत्त हेडमास्तर, शिंपी, नर्सबाई आणि अलीकडे घेतलेली थोरली. तिनं तिघांकडे खेटे घालून पुस्तकं पोचवली.

"मला सुईत दोरा ओवता येईना, आणि तुम्ही पुस्तक वाचायला लावताय," शिंपी कुरकुरला.

"घरात दोन-दोन तान्ही, आणि आजीबाई निघाल्या चर्चा करायला," नर्सबाईंनी टोमणा मारला. पण आल्या.

रविवारी दुपारी तीनला प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत चौघं बसले. एक टेबल, चार खुर्च्या, एक खिडकी. हवेसाठी दार उघडं ठेवलेलं. धाकटीला पाचला बोलावलं होतं.

नियम थोरलीनं घातला. "पुस्तक मिटून सांगायचं. वाचून दाखवलं की माणूस पुस्तकामागे लपतो."

हेडमास्तरांनी सनावळीपासून सुरुवात केली, वर्गात सांगावी तशी. मग शिंपी बोलू लागला.

"तिच्या शालीची किनार उसवली होती. डाव्या बाजूला."

"हे पुस्तकात कुठंय?" थोरलीनं विचारलं.

"नसेल. उसवली होती मात्र."

"आधी ती मुठीनं ठोकत होती," नर्सबाई खाली बघत म्हणाल्या. "मग तळहातानं. तळहाताचा आवाज मऊ येतो."

खोली कोंदटली. ओल्या लोकरीचा आणि पुष्कळ माणसांच्या श्वासाचा वास येऊ लागला. थोरलीनं मागे वळून पाहिलं. दार बंद होतं. जागचं कुणी उठलं नव्हतं.

"दार कुणी लावलं?"

"आपणच लावलं," हेडमास्तर शांतपणे म्हणाले. "दुसरं काय करणार होतो?"

थोरलीनं अन्याय म्हणायला तोंड उघडलं. चाळीस वेळा बोट ठेवून वाचलेला शब्द.

"तिला आधी सांगितलं होतं," असं तिच्या तोंडून निघालं.

बाहेरून दार वाजलं. मुठीनं. थोड्या वेळानं, मऊ.

"लावलेलंच राहावं असं कुणाकुणाचं मत?" हेडमास्तरांनी विचारलं.

हात वर झाले. थोरलीनं मोजले. तीन. मग तिला आपल्या बांगड्या कोपराकडे घसरल्याचं जाणवलं.

सव्वाचारला शिंपी झोपेतून उठल्यासारखा उठला आणि त्यानं दार उघडलं. पायरीवर धाकटी बसली होती. राहवलं नाही म्हणून लवकर आलेली. चेहरा राखेसारखा.

"किती ठोकलं गं, अक्का. शेवटी खिडकीतून पाहिलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतींना चिकटून माणसंच माणसं, सगळ्यांचे हात वर." ती थांबली. "तुझा सगळ्यांच्या आधी."

खोलीत चार खुर्च्या होत्या.

धाकटी आत आली नाही, उठून चालू लागली. तिच्या मागोमाग जावं असं थोरलीला वाटलं, पण पाय उचलले नाहीत.

हेडमास्तर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "पुढच्या रविवारी पुन्हा बसू," ते म्हणाले. "पुस्तक उघडून. तिला आत घ्यायचा ठराव तेव्हा करू."

शनिवारी सकाळी आठला धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला. "घाबरी झालीय. तुमचं नाव घेतेय. लगेच या."

थोरलीनं चपला घातल्या. एक बाळ खांद्यावर घेऊन लेकीनं दार सताड उघडलं. फाटकाशी रिक्षा उभी होती.

थोरली दाराजवळच्या खुर्चीत बसली.

"आई, अगं ऊठ ना! मावशी वाट बघतेय!"

"बाहेर काढलेल्यांकडे जायचं नसतं," थोरली म्हणाली.

धाकटी त्या शनिवारी सकाळी सव्वानऊला वारली.