सहा शनिवारांचं वेळापत्रक

ईरप्पा सुताराकडे खो-खोच्या खांबांची एकच जोडी तयार होती, आणि ती न्यायला आम्ही दोघं एकाच वेळी येऊन उभे राहिलो होतो.

चौऱ्याहत्तर सालचा श्रावण. बाहेर भुरभुर चालू होती. मी सोलापुरातल्या एका मुलींच्या हायस्कुलात खेळाची बाई होते. वय सव्वीस, आणि माझ्या जिभेला हाड नाही असं स्टाफरूमचं एकमत. शेजारचा माणूस उंच, सावळा, सदऱ्याचे खांदे भिजलेले. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तो खांबावरून हलकेच तळवा फिरवत होता.

"ही जोडी माझी आहे," मी म्हणाले. "आठ दिवसांपूर्वी सांगून ठेवलीय."

"मी पंधरा दिवसांपूर्वी."

आम्ही दोघांनी ईरप्पाकडे बघितलं. ईरप्पा एकदम रंध्याची धार तपासायला लागला.

"कुठली शाळा तुमची?" त्या माणसानं विचारलं. मी सांगितली. त्यानं खांबावरचा हात काढला. "मग तुमीच न्या बाई. गेल्या वर्षी तुमच्या मुली आमच्याकडून एक डाव अकरा गुणांनी हरल्या होत्या. तुमाला जास्त गरज हाय."

म्हणजे हा बार्शीचा सिद्धनाथ मास्तर. याच्या मुलींना तीन वर्षं जिल्ह्यात कुणी हरवलं नव्हतं. मला राग आला, चांगलाच आला. पण बोलताना तो हसला नव्हता, आणि खांब त्यानं स्वतः उचलून माझ्या टांग्यात नेऊन ठेवले.

"बदल्यात एक सामना द्या," तो पावसात उभा राहून म्हणाला.

"आधीच अकरा गुण देऊन झालेत," मी म्हणाले, आणि टांगा हलल्यावर मात्र... मागं वळून बघितलं.

त्या वर्षी आमचा संघच धोक्यात होता. शाळेचे चेअरमन आबासाहेब मला बोलावून म्हणाले होते, "जिल्ह्याच्या स्पर्धेआधी मैत्रीचे सहा सामने खेळा. चार जिंकलात तर संघ जिल्ह्याला जाईल. नाहीतर हे पळणं बंद. मैदानावर शिवणवर्गाची शेड घालू." माणूस वाईट नव्हता. गेल्या वर्षीच्या पराभवाची बातमी छापून आली, तेव्हा त्यांना चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं होतं.

आणि माझी कॅप्टन नागम्मा अकरावीत होती. वळसंगला तिचं लग्न ठरलेलं, मार्गशीर्षातलं. जिल्ह्याच्या मैदानात उतरायची तिची ही शेवटची संधी होती. ते ती कधी बोलली नाही. रोज सगळ्यांच्या आधी येऊन मैदानातले खडे वेचायची, एवढंच.

मी वेळापत्रक केलं. शोधून शोधून सहा दुबळे संघ काढले आणि निश्चिंत झाले.

पुढच्या शनिवारी सिद्धनाथ ईरप्पाकडून आपले नवे खांब न्यायला सोलापुरात आला, तो आमच्या मैदानावर मुलींचा सराव बघायलाही आला. कागद बघून म्हणाला, "बाई, हे वेळापत्रक हाय का हळदीकुंकवाचं आमंत्रण?"

"मला चार जिंकायचे आहेत. नाहीतर संघ बंद."

"असे खेळलात तर सहा जिंकाल, आणि जिल्ह्याला पहिल्याच फेरीत घरी."

"आणि सगळे तुमच्यासारखे घेतले तर?"

"मग पोरी मैदानावर यायच्याच बंद होतील. हरायची सवय लई वाईट." त्यानं खिशातून लाल पेन्सिल काढली आणि तिथंच पायरीवर बसला. "जिंकल्यावर अवघड सामना, म्हणजे डोक्यात हवा जात न्हाय. हरल्यावर सोपा, म्हणजे मान वर होती. सलग दोनदा हरू द्यायचं न्हाय."

माझे तीन दुबळे संघ खोडून त्यानं दुसरे घातले. वळसंगपुढे 'सो' लिहिलं, म्हणजे सोपा. श्रीपूरच्या साखर कारखान्यावरच्या शाळेपुढे 'अ', अवघड. मग शहरातला एक सोपा, अक्कलकोटचा मध्यम, मोहोळचा सोपा. सहाव्या शनिवारपुढे बार्शी लिहून तो थांबला.

"इथं काय लिहू?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच सांगा. सोपे आहात की अवघड?"

त्याचे कान लाल झाले. 'अ' लिहून त्यानं पेन्सिल माझ्याच हातात ठेवली आणि उठला.

मग दर सोमवारी पोस्टकार्ड यायला लागलं. उघडं कार्ड, स्टाफरूम वाचणार हे त्याला माहीत, म्हणून सगळा मजकूर खो-खोचा. 'नागम्माचा खो उशिरा सुटतो. हात आधी, आवाज बरोबर.' शेवटी एखादी ओळ असायची. 'हिकडे पाऊस थांबला. खांबांना तेल लावावे.' खांबांना तेल लावण्याची ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. बाकीचा मजकूर मुलींना वाचून दाखवायचे.

वळसंग जिंकलो. श्रीपूरला पाच गुणांनी हरलो, पण ताठ मानेनं हरलो. शहरातला जिंकलो, अक्कलकोट घाम काढून जिंकलो. आणि मोहोळला, सोपा सामना म्हणून मुली निवांत उतरल्या आणि एका गुणानं हरल्या. तीन जिंकले, दोन हरले. राहिला फक्त बार्शीचा.

त्या शनिवारी आबासाहेब स्वतः खुर्ची टाकून बसले होते. बार्शीची मुक्ता जिल्ह्यातली सगळ्यात चिवट पळणारी. तीन मिनिटांच्या आत तिला कुणी बाद केलं नव्हतं. त्या दिवशी ती दोन्ही डावांत मिनिटभरात बाद झाली. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. मुलींनी नागम्माला उचललं. मैदानापलीकडून सिद्धनाथ माझ्याकडे बघत होता आणि मला वाटलं, आयुष्यात याहून चांगला शनिवार येणार नाही.

मुलींना पाणी द्यायला टाकीकडे गेले, तर मागं मुक्ता रडत बसलेली.

"लागलं का गं?"

"न्हाय बाई." ती ओढणीनं नाक पुसत म्हणाली. "मी एवढ्या लवकर कधीच बाद होत न्हाय. सरांनी सांगितलं हुतं... मिनिटभर पळ, बास."

मी पाणी भरायचं सोडलं. तशीच मैदान ओलांडून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"आम्हाला भीक घातलीत तुम्ही?"

तो गोंधळला नाही. बहुतेक वाट बघत होता. "तुमचा संघ बंद पडला असता..."

"माझ्या संघाची एवढी काळजी? की माझी?"

त्यानं चुन्याच्या रेघेवरचा पाय मागं घेतला.

"तुमची," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू."

किती सोमवार मी या एका शब्दाची वाट बघितली होती. आणि तो असा आला होता.

"आत्ता खोटं नको वाटतं," मी म्हणाले, "आणि तासभर तेच खेळलात. त्या मुक्ताचं काय? आणि माझ्या नागम्माला आता कधी कळणार, ती खरी केवढी आहे ते?"

 बार्शीची गाडी सुटेपर्यंत मी पाठ फिरवून उभी होते, आणि रडत होते हे त्याला दिसू दिलं नाही.

सोमवारी आबासाहेबांच्या खोलीत गेले. "आम्ही तीनच जिंकलो, साहेब. चौथा खरा नव्हता." सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "हे मला कधी कळलं नसतं."

"मला कळलंय ना."

"मग जिल्हा नाही. शब्द म्हणजे शब्द." मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "शेड यंदा घालत नाही. वर्षभर मैदान राहू द्या."

मुलींना सांगणं त्याहून अवघड होतं. धाकट्या रडल्या. एक-दोघी माझ्यावर चिडल्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. नागम्मा मुठीतले खडे मोजल्यासारखी खाली बघत होती. मग म्हणाली, "बाई, त्यांना परत बोलवा की. खरं खेळायला."

मी पोस्टकार्ड टाकलं. एकच ओळ. 'शनिवारी तीन वाजता. मुक्ता पूर्ण पळेल.'

तो आला. त्याच्याशी मी बोलले नाही. आबासाहेबांची खुर्ची नव्हती, टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. पहिल्या डावात मुक्ता चार मिनिटं पळाली, आमच्या मुली धापा टाकत राहिल्या. दुसऱ्या डावात तिसऱ्या मिनिटाला ती खांबाला वळसा घालत होती, आणि नागम्मानं अख्खं अंग झोकून दिलं. मातीत पडली, पण बोटं मुक्ताच्या टाचेला लागली होती.

आम्ही तीन गुणांनी हरलो.

नागम्मा लंगडत माझ्यापाशी आली. गुडघ्यातून रक्त येत होतं. "बाई, आज मी तिला बाद केलं. हे खरं ना?"

"खरं," मी म्हणाले.  ती रडली नाही. मी मात्र सगळ्यांसमोर रडले.

मार्गशीर्षात वळसंगला नागम्माचं लग्न झालं. बार्शीच्या सरांनाही तिनं पत्रिका धाडली होती. जेवणाच्या पंगती उठल्यावर तो मांडवाबाहेर लिंबाखाली उभा होता. मी गेले. कधीतरी जायलाच हवं होतं.

"मुक्ताची माफी मागितली," तो म्हणाला. "नागम्माचीबी, आत्ता मांडवात. तुमची राहिलीय."

"मागा."

"चुकलो, दाक्षायणी."

पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली होती. मी लिंबाच्या काड्या गोळा करत बसले, हात रिकामे राहवेनात म्हणून. राग केव्हाच गेला होता. तो गेला हे त्याला सांगायचं राहिलं होतं, इतकंच.

"त्या दिवशी 'तुमची' म्हणालात," मी म्हणाले. "तेवढं खरं होतं ना?"

"त्या दिवसातलं तेवढंच खरं."

मी पर्समधून त्याचीच लाल पेन्सिल काढली, आणि त्या पेन्सिलीसोबत इतके दिवस जपून ठेवलेलं वेळापत्रक. कागदाची मागची बाजू कोरी होती.

"आमचे अप्पा लिंगायतांबाहेर ऐकायचे नाहीत," मी म्हणाले. "तुमच्या घरी तरी धनगरांबाहेरची सून चालणार आहे का?"

"आई रुसंल. मग ऐकंल." त्यानं पेन्सिल घेतली. कागद लिंबाच्या खोडाला टेकवला. "तुमच्याकडं सोपं कोण?"

"मावशी. बसव्वा मावशी. तिला तुमची पोस्टकार्डं माहीत आहेत."

त्यानं लिहिलं, मावशी, सो. मग आपल्या आईपुढे म, मध्यम. अप्पांचं नाव लिहून त्यानं माझ्याकडे बघितलं.

"लिहा की," मी म्हणाले. "अवघडच आहेत ते. पहिल्यांदा हराल. कदाचित दुसऱ्यांदाही."

"मग?"

"मग परत यायचं." मी कागद घडी करून त्याच्या खिशात ठेवला. "पण अप्पांसमोर मिनिटभर पळून बाद व्हायचं नाही, सांगून ठेवते. पूर्ण पळायचं."