तिघांचा फोटो

बड्या फुहाऱ्याच्या बाजारात मी काळं कापड घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं कापड मोजता मोजता थांबून हळूच विचारलं, "दादा, घर में कुछ हो गया क्या?" मी हसलो. म्हटलं, अहो, फोटो काढताना मागे लावायला हवंय. तेव्हा हसू येत होतं, हे मुद्दाम सांगतो.

आमची चैत्राली नोकरीसाठी पुण्याला निघाली होती. एकुलती एक लेक. जाण्याआधी आम्हा तिघांचा एक फोटो व्हावा, एवढीच माझी हौस. पण बायको, सुमित्रा, अडून बसली. तिघांनी मिळून फोटो काढू नये, तिघांतलं एक जातं, हे तिच्या मनात अमरावतीच्या माहेरापासून पक्कं बसलेलं.

"पोरगी परक्या गावी जाऊन राहिली, अन् तुम्हाला काहून हे सुचून राहिलं?" तिनं डोळ्यांना पदर लावला.

निवृत्तीनंतर मला जुन्या रोलच्या कॅमेऱ्याचं वेड लागलंय. त्यात रोल पुढे न सरकवता एकाच चौकटीवर दोनदा फोटो घेता येतो. मी शक्कल लढवली. भिंगाची उजवी बाजू काळ्या पुठ्ठ्यानं झाकायची आणि डावीकडे बसलेल्या आईला नि लेकीला टिपायचं. मग पुठ्ठा डाव्या बाजूला लावायचा आणि चैत्रालीनं उजवीकडे माझ्याजवळ यायचं. फोटोत चैत्राली दोनदा दिसणार, म्हणजे माणसं चार. शिवाय एका वेळी टिपली जाणार दोघंच.

"बाबा, तुम्ही तर देवालाच गंडवून राहिले," चैत्राली हसली. "चलो, करून टाकू." मग सुमित्राही कशीबशी तयार झाली.

दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत भर दुपारी खिडक्या लावून घेतल्या. नव्या कापडाच्या रंगाचा उग्र वास कोंडला होता. एकच दिवा. सुमित्रा खुर्चीवर, तिच्यामागे चैत्राली, डावा हात आईच्या खांद्यावर. मी खटका दाबला. पुठ्ठा फिरवला. चैत्राली येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली, मी टायमर लावून बसलो. सुमित्राला म्हटलं, तू आता झाकली गेलीस, पण जागची हलू नकोस.

टायमर कुरकुरत होता. तेवढ्यात सुमित्रा हलक्या आवाजात म्हणाली, "आता हात काढ न, बाई... जड होऊन राहिला."

चैत्राली माझ्यामागे होती. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

"आई... मी इकडे आहे."

खटका पडला. सुमित्रानं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

चैत्राली पुण्याला गेल्यावर मी न्हाणीघरात रोल धुतला. फोटोत माणसं तीनच होती. सुमित्रा, मी, आणि माझ्यामागे चैत्राली. आईच्या मागे नुसतं काळं कापड. पण तिच्या खांद्यावरचा पदर चार ठिकाणी दबला होता, बोटांखाली दबावा तसा. जो फोटो टाळायला एवढा खटाटोप केला, तोच मी स्वतःच्या हातानं काढून बसलो होतो. सुमित्राला तो दाखवायची हिंमत झाली नाही.

परवा संध्याकाळी पोरीचा फोन आला.

"बाबा, डावा हात बधीर होऊन राहिला. डॉक्टर म्हणते, सब ठीक है. पण मला... हात कुठेतरी ठेवून आल्यासारखं वाटते."

सुमित्रा समोरच मटार सोलत बसली होती. एक खांदा किंचित खाली, त्यावरचा पदर तसाच दबलेला. मी फोन छातीशी धरून म्हटलं, "सुमित्रा... सोड तिला."

तिनं मला काहीच विचारलं नाही. म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. तिचे डोळे भरून आले.

"सगळी पोरगी तर गेली न... एवढं तरी राहू द्या."

तिनं हात पुसले आणि स्वतःच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. चैत्राली लहान असताना तिला निजवायला थोपटायची, अगदी तसं.

मी फोन पुन्हा कानाला लावला.

"बाबा..." ती कुजबुजली, "माझ्या हातावर आत्ता कोण थोपटून राहिलं?"