नाही कळलं

"हा कोट माझ्या मापाचा करून दे ना, ताई... उद्या पहिला तास आहे."

धाकटीने बाबांचा राखाडी कोट कापायच्या टेबलावर ठेवला आणि थोरलीच्या हातातली कात्री जागच्या जागी थांबली. बाबांना जाऊन अजून दिवसच किती झाले होते! कॉलेजात पहिल्या वर्षाला वित्त शिकवायची त्यांची जागा धाकटीला मिळाली, स्टाफरूममधलं त्यांचं कपाट मिळालं... आणि आता हा कोटही? थोरलीने स्वतः शिवलेला, खडू ठेवून ठेवून खिसा फाटतो म्हणून आतून दुहेरी कापड लावलेला कोट!

"घे की. नाहीतरी सगळं तुझंच आहे. मी आपली टाके घालायला!"

"टोमणेच मारायचे असतील तर आधी चहा तरी दे."

थोरली हसली नाही. आई गेली तेव्हा तीही त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. धाकटी शाळकरी, बाबा नुसते भिंतीकडे बघत बसलेले. कुणीतरी घर सावरायला हवं होतं, म्हणून तिने कॉलेज सोडलं आणि आईचं शिलाई मशीन पुढे ओढलं. सोड असं कुणी म्हणालं नव्हतं. पण सोडू नकोस, असंही कुणी म्हणालं नाही... तेच इतकी वर्षं उरात सलत होतं. पुढे धाकटी बाबांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसली, जेवताना बापलेकीच्या भांडवल, व्याज, जोखीम अशा गप्पा रंगायच्या, आणि पानात वाढता वाढता थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सुट्टीच्या दिवशी मात्र बाबा तिच्या मशीनपाशी स्टूल ओढून बसायचे आणि उद्याचा धडा तिला सांगायचे.

"हे बघ, गठ्ठ्यात पडून असलेलं कापड, अर्धवट शिवलेले कपडे, शिवून झाले तरी गिऱ्हाईक न्यायला न आलेले कपडे... हा सगळा तुझाच पैसा. पण आत्ता दोरा आणायला निघालीस तर हातात काही नाही. नफा आहे, रोकड नाही! खेळतं भांडवल अडकलं म्हणतात ते हेच. कळलं?"

तिला पहिल्या झटक्यात कळायचं. पण आत मत्सर असा काही पेटायचा, की मान वर न करता ती म्हणायची, "नाही कळलं." मग बाबा पुन्हा पहिल्यापासून, आणखी सोपं करून... आपली लेक अर्ध्यावर का राहिली, हे दर खेपेला त्यांना बोचावं, एवढाच तिचा सूड होता.

आता तिने कोटाची बाजूची शिवण उसवायला घेतली. धाकटी खाली मान घालून बोलू लागली.

"काल ओळखीच्या काही मुलांना समोर बसवून शिकवून पाहिलं. सगळी माना डोलवत होती, आणि एकालाही काही समजलं नव्हतं! बाबांचं कसं गं सगळ्यांना समजायचं?"

"ते हुशार होते."

"त्यांच्याकडे तू होतीस, ताई. तुला सांगितल्याशिवाय ते धडा वर्गात न्यायचेच नाहीत. मी म्हणायचे, माझ्यासमोर म्हणून बघा, मला तर विषय येतो! तर म्हणायचे, येतो म्हणूनच तू नकोस. माझ्या वाट्याला पुस्तकातलं बोलणं, आणि सुट्टीचा दिवस तुझा. दाराआड उभी राहून ऐकायचे मी!"

"तू... माझ्यावर जळायचीस?"

"कोळसा झाला होता माझा!"

थोरलीने उसवणं थांबवून वर पाहिलं. "अगं, पण मला सगळं कळायचं. मी मुद्दाम 'नाही कळलं' म्हणायचे..."

"ठाऊक होतं त्यांना. कळलं की मशीनवरचा तुझा पाय थांबायचा." धाकटी कोटाच्या बाहीवरून हात फिरवू लागली. "शेवटच्या आजारात म्हणाले, 'ती नाही म्हणते, म्हणून तर मला तिच्याजवळ आणखी थोडं बसायला मिळतं. कॉलेज सोडू नकोस, एवढं माझ्या तोंडून वेळेवर निघालं नाही... मग जे येत होतं, तेच देत राहिलो.'"

"आणि हे तू आज सांगतेस?"

"सांगितलं असतं तर माझ्याजवळ काय उरलं असतं, ताई? बाबांचं एवढं एकच गुपित फक्त माझं होतं."

थोरलीला संताप आला. पण समोर उभी होती ती दाराआडची लहान पोर, डोळे पुसायला बाही वर नेणारी... उसवलेली शिवण थोरलीने पुन्हा तशीच घातली, कोट झटकला आणि तिच्या खांद्यांवर टाकला.

"हा मी कापणार नाही. ढगळ दिसला तर दिसू दे. बाह्या दुमड."

मग ती मशीनवर बसली, चाक फिरवलं आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं. "बस. उद्याचं सांग."

धाकटी बसली. घसा खाकरून म्हणाली, "आज हातात आलेले शंभर आणि वर्षाने मिळणारे शंभर सारखे नसतात. आजचे लगेच कामाला लावता येतात. जेवढं उशिरा मिळेल, तेवढी त्याची आजची किंमत कमी..." ती अडखळली. "कळलं?"

मशीनची खडखड बंद झाली होती. हातातलं कापड थोरलीला धूसर दिसत होतं.

"नाही कळलं," ती म्हणाली. "पुन्हा सांग."

धाकटीने तिच्या थांबलेल्या पायाकडे पाहिलं, स्टूल आणखी जवळ ओढलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.