वरच्या खोलीतल्या गोट्या

टक्, टक्, टक्... टप्!

केकवरच्या मेणबत्त्या अजून पेटायच्या होत्या आणि टिटवीचे बाबा भिंत ठोकत होते.

खरं म्हणजे ते तिला मैत्रिणीच्या वाढदिवसाला नुसतं पोचवायला आले होते. दारातूनच परत जायचं ठरलं होतं. पण मैत्रिणीची आई म्हणाली, "या ना, पाणी तरी घ्या!" आणि बाबा आत आले. एका हातात पाण्याचा ग्लास, दुसऱ्या हाताचं बोट वाकवून भिंतीवर टकटक. मग चक्क कान भिंतीला!

"ए टिटवे, तुझे बाबा दारावर टकटक करायचं सोडून भिंतीवर का करतायत?" एका मुलीने विचारलं. "आत कोणी राहतं का?"

सगळ्या फिस्सकन हसल्या. टिटवी केककडे बघत राहिली, जणू त्यावरची गुलाबी फुलं उद्या परीक्षेत येणार होती.

बाबांचं कामच ते होतं. कुणी घर विकत घ्यायला निघालं की आधी बाबांना बोलवायचं. ते भिंती ठोकायचे, दारं उघडून-मिटून बघायचे, खिशातली हिरवी काचेची गोटी फरशीवर सोडून ती कुठे जाते ते उकिडवं बसून पाहायचे. सगळं झालं की म्हणायचे, "आता बांधकामाच्या परवानगीचे कागद दाखवा." लोक ओशाळायचे, चिडायचेसुद्धा. बाबा हसून म्हणायचे, "भीड भिकेची बहीण! आज विचारलं तर पाच मिनिटं वाईट वाटेल. नाही विचारलं तर जन्मभर." कामावर ठोकलं तर ठीक. पण वाढदिवसाला?

"त्या भिंतीत ओल आहे," परतताना बाबा म्हणाले. "सांगायला हवं होतं त्यांना."

"बाबा, प्लीज! कुणाच्या घरी गेलात की ठोकत जाऊ नका ना! सगळ्या हसतात."

बाबांनी ठोकणारा हात खिशात घातला.

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टिटवी शाळेत असताना, कुणाचं तरी घर तपासायला गेलेल्या बाबांच्या हृदयाने जिन्यातच दगा दिला. त्यांच्या खिशातल्या वस्तू आईने टेबलावर काढून ठेवल्या. टिटवीने त्यातली हिरवी गोटी उचलली आणि कुणाच्या नकळत दप्तराच्या तळाशी ठेवली. ते "बरं" मात्र कुठे ठेवायचं ते तिला कळलं नाही.

*

"आउट! परत आउट! हे घरच चीटिंग करतंय!"

सुट्टी लागली होती आणि टिटवीचा मामेभाऊ गोटीराम रिकाम्या खोलीच्या फरशीवर पालथा पडून ओरडत होता. त्याच्या खिशात रुमाल कधी नसे, गोट्या मात्र नेहमी असत.

"हरलास की घर चीटिंग करतं, जिंकलास की तू चॅम्पियन," वकील म्हणाली. वकील म्हणजे गोटीरामच्या शेजारची मुलगी. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी ती पुरावा मागायची, म्हणून ते नाव.

हे घर मामा विकत घेणार होता. मामाचं आत्ताचं घर म्हणजे काड्यापेटी. आता तिथे टिटवी आणि तिची आईही कायमच्या येणार होत्या. म्हणून मामाने हे वरची खोली असलेलं घर पाहिलं होतं. "वरची खोली तुमची दोघींची!" असं त्याने सकाळीच जाहीर केलं होतं. आई ऑफिसला गेली होती, पण निघताना किती तरी दिवसांनी हसली होती.

"मी एकदाच सांगतो," गोटीराम उठून बसला. "मी गोटी खिडकीकडे मारली, मध्ये आली. दाराकडे मारली, मध्ये आली. आता तूच मार!"

वकीलने गोटी मारली. गोटी भिंतीपर्यंत गेली, थबकली, आणि गृहपाठ विसरल्यासारखी वळून हळूहळू खोलीच्या मध्यावर येऊन थांबली. तिथे आधीच्या गोट्या जमलेल्याच होत्या. जणू सभा भरली होती!

"हरकत मान्य," वकील पुटपुटली.

 पूर्वी टिटवी दिवसभर टिवटिव करायची, आता तिचं नाव नुसतं नावापुरतं उरलं होतं. ती उठली आणि तिने दार लावून पाहिलं. दार लागलं, पण वरच्या कडेला रंग नव्हता. तिथे कोरं लाकूड दिसत होतं, आणि तेही तिरकं तासलेलं. एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी.

"दार अडकत असणार," ती हळूच म्हणाली. "म्हणून तासलं. चौकट वाकडी झाली की अडकतं. भिंतीला रंग लावता येतो, पण दार खोटं बोलत नाही."

"तुला कसं माहीत?" गोटीरामने डोळे मोठे केले.

टिटवीचे कान तापले. "असंच," ती म्हणाली.

तिघं धडधडत खाली आली. खाली केवढा तरी मोठा हॉल होता, नव्या पांढऱ्या छताचा, फरशीवर लांबच लांब सतरंजी घातलेला. तिथे मामा पाहुण्यासारखा खुर्चीच्या अगदी टोकावर बसला होता. घराचे मालक त्याचे शाळेतले हेडसर होते. मामाच्या डोक्यावर आता केस कमी आणि टक्कल जास्त होतं, तरी हेडसर बोलले की तो शर्ट नीट करायचा.

"पप्पा, वरची जमीन वाकडी आहे! सगळ्या गोट्या—"

"नाचता येईना अंगण वाकडं!" मामा म्हणाला आणि हेडसरांकडे बघून ओशाळं हसला. "गोट्या जमत नाहीत म्हणून घराला नावं ठेवतोय, सर."

हेडसर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काका, परवानगीचे कागद पाहिलेत?" घरी परतताना वकीलने मामाला विचारलं. "मंजूर नकाशा? वरच्या मजल्याचा?"

"हेडसरांकडे कागद मागायचे? अगं, त्यांनी मला पेन्सिल धरायला शिकवली! आणि पैसे काही परके घेत नाहीत. उद्या संध्याकाळी इसाराची रक्कम द्यायची, की व्यवहार पक्का."

"मग कुणाकडून तपासून तरी घ्या," बरोबर आलेली मामी हळूच म्हणाली.

"सरांच्या घरात परका माणूस भिंती ठोकायला आणू? मला तोंड दाखवायला जागा राहील का?" मामा एवढं बोलला आणि त्याची नजर टिटवीवर गेली.  पूर्वी तो बाबांना हसत "ठोकभाऊजी" म्हणायचा. आता ते नाव घरात कुणी घेत नव्हतं.

*

"हा सरळ सरळ अन्याय आहे!" रात्री जेवणं झाल्यावर वकील गच्चीवर म्हणाली. "टिटवे, तुला काहीतरी माहिती आहे. साक्षीदाराने गप्प बसायचं नसतं!"

टिटवीने खूप वेळ कठड्याचा पोपडा काढला. मामा आपल्यासाठी घर घेतोय आणि आपणच त्यात खोट काढायची? शिवाय सांगायचं म्हणजे ते ठोकणं, ते उकिडवं बसणं, सगळं आपणच करून दाखवायचं. आणि मग सगळे हसणार. ज्यावर आपण इतरांना हसू दिलं, तेच आता आपण करायचं?

पण त्या खोलीत आईचा पलंग खिडकीपाशी ठेवायचा ठरलं होतं. आणि तिचा स्वतःचा, मध्ये.

"हॉलमध्ये एवढी लांब सतरंजी कशाला असेल?" ती शेवटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गोटीराम "माझी एक गोटी राहिली" म्हणून हेडसरांकडे गेला. मागोमाग दोघीही गेल्या. हेडसर अंगणात झाडांना पाणी घालत होते. "आत जाऊन शोधा," ते म्हणाले. हॉलमध्ये तिघांनी सतरंजीचं एक टोक उचललं. खाली जुन्या पिवळट फरश्या होत्या. आणि त्यांच्यामधून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वीतभर रुंदीचा नव्या पांढऱ्या फरश्यांचा पट्टा गेला होता. सरळ, पट्टीने आखल्यासारखा!

"इथे भिंत होती!" टिटवी कुजबुजली.  "ती काढून टाकली. वरच्या खोलीत गोट्या जमतात ना, बरोबर तिथेच. वरचं ओझं त्या भिंतीवर होतं, आता ते अधांतरी आहे!"

मग तिने बाजूच्या भिंतीपाशी जाऊन बोट वाकवलं. दारात पावलं वाजली. तिने हात झटकन खिशात घातला, अगदी बाबांसारखा. आणि ते लक्षात आल्यावर तिला इतकी लाज वाटली की तिला वर बघवेना.

"सापडली का रे गोटी?" हेडसरांनी विचारलं. त्यांची नजर सतरंजीच्या दुमडलेल्या टोकावर होती.

*

संध्याकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून हेडसरांकडे आला. मामी आली, टिटवीची आईही आली. मामाने खिशाला हात घातला, तेवढ्यात गोटीराम, तिघांनी ठरवल्याप्रमाणे, पुढे झाला.

"सर, पप्पा म्हणतात तुम्ही शाळेत मुलांच्या गोट्या जप्त करायचात!"

"करायचो तर! तुझ्या बापाच्या तर डबाभर केल्यात!" हेडसर पहिल्यांदाच खुलले.

"मग आज पप्पांचा सूड! वरच्या खोलीत एक डाव होऊन जाऊ दे!"

"वर नको," हेडसर चटकन म्हणाले. "इथेच खेळा."

"सतरंजीवर गोट्या?" वकील म्हणाली. "हे नियमात बसत नाही!"

मामाला मात्र हुरूप आला. "चला! सूड तर सूड!" म्हणत तो जिना चढलासुद्धा. सगळे त्याच्यामागे. त्याने नेम धरला आणि गोटी मारली. ती भिंतीला टेकून मध्ये परत आली. तो हसला. दुसरी मारली, तीही आली. तिसऱ्या गोटीला त्याचं हसू मावळलं. सगळे गोट्यांभोवती, खोलीच्या मधोमध, वाकून बघायला जमले.

"मध्ये उभे राहू नका!"

हेडसर जिन्याच्या तोंडाशी उभे होते, कठडा घट्ट धरून. "भिंतीकडे व्हा सगळे! मुलांना आधी घ्या!"

 मग मामीने मुलांना ओढून भिंतीशी घेतलं.

कुणी काही विचारेना. मामा शर्टाचं बटण चाचपत राहिला. आई हेडसरांकडे बघेना. सगळ्यांना समजलं होतं, आणि सगळ्यांना विचारायची लाज वाटत होती. टिटवीला वाटलं, ही लाज आपण चांगली ओळखतो. हिच्यापायीच माणसं केककडे बघत बसतात.

ती पुढे झाली. निघताना दप्तरातून खिशात टाकलेली हिरवी गोटी तिने काढली, फरशीवर सोडली आणि सगळ्यांसमोर उकिडवी बसून ती कुठे जाते ते पाहिलं. मग उठून भिंत ठोकली. टक्, टक्... टप्!

"इथे आत भेग आहे, वरून नुसतं लिंपलंय," ती म्हणाली. मग ती हेडसरांकडे वळली. "सर, खालची भिंत कधी काढलीत? आणि या खोलीची परवानगी आहे का?"

"टिटवे!" मामा दचकून म्हणाला.

"विचारू दे तिला," हेडसर म्हणाले आणि पायरीवर बसले. "परवानगी नाही. मीच मागितली नाही. नगरपालिकेतला साहेब माझा विद्यार्थी, बांधणारा मिस्त्री माझा विद्यार्थी. मला कोण विचारणार? भिंत काढताना मिस्त्री काहीतरी बोलायला आला होता, पण मी नुसतं बघितलं तर तो गप्प बसला. मग छताला भेग पडली. ती झाकायला मी खालून नवं छत लावून घेतलं." त्यांनी चष्मा काढला. "जन्मभर मुलांना सांगितलं, उत्तर चुकलं तर खोडून लपवू नका. एक रेघ मारा, चूक दिसू द्या. आणि मी काय केलं? वरून रंग!"

त्यांना मान वर करवत नव्हती. मामालाही नाही.

"चूक माझीपण आहे, सर," मामा शेवटी म्हणाला. "मी विचारायला हवं होतं. भाऊजी असते तर त्यांनी विचारलं असतं. ते नाहीत, म्हणून मी कुणालाच आणलं नाही."

इसार मामाच्या खिशातच राहिला. हेडसरांनी त्याच रात्री वर कुलूप लावायचं आणि दुसऱ्या दिवशी इंजिनियरला बोलवायचं कबूल केलं. खाली उतरताना मामीने टिटवीचा हात सोडला नाही. मामा म्हणाला, "आता पुढच्या प्रत्येक घराला आधी ही तिघं जातील, मग मी! काय वकीलसाहेब?"

"फी लागेल," वकील म्हणाली.

"आणि माझ्या जप्त गोट्या परत मिळाल्या तर बरं!" मामा म्हणाला, आणि हेडसरसुद्धा किंचित हसले.

मग ते टिटवीसमोर वाकले. "शाबास, पोरी. माझ्यासमोर बोलायची हिंमत शाळेत कुणाला झाली नाही. कुणाची गं तू?"

"ही आमच्या—" मामाने सुरुवात केली.

"मी सांगते," टिटवी म्हणाली. हिरवी गोटी तिने मुठीत घट्ट धरली होती. आई तिच्याकडे बघत होती. हॉलमधले सगळेच बघत होते, आणि या वेळी तिने नजर दुसरीकडे वळवली नाही.

"कुणाच्याही घरी गेले की भिंती ठोकायचे ना, ते माझे बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "मी त्यांना ठोकू नका म्हटलं होतं. मला म्हणायचं होतं, ठोकत जा, बाबा. सगळीकडे ठोकत जा."